सुध्या, त्या शेळीबद्दल

धरमपेठ, नागपूर
रविवार दुपार

प्रिय सुध्या,

दिवाळीत तुझा फोन आला, मी उचलला नाही. मग करू, उद्या करू म्हणता म्हणता होळी झाली. आधी मनसोक्त शिव्या घालून घे, मग पुढे वाच. तब्येत ठीक. शुगर काठावर, गुडघा जिन्यावर बोलतो. नीलू मजेत.

तर झालं असं की बाळूभाऊंनी रँग्लर घेतली. बाळूभाऊ म्हणजे माझा वणीवाला साळा, ज्याच्या लग्नात तू तीनदा पंगतीला बसलास. त्यांचं घराचं बांधकाम चालू आहे, म्हणून गाडी दोन महिने आमच्या अंगणात. जीपच ती, रांजणगावला जुळवतात, पण काकांच्या त्या महिंद्रा पाचशेचाळीस जीपशी नातं सांगायला गेली तर पाचशेचाळीसच लाजेल. मुख्य म्हणजे हिचं छत निघतं. पुढच्या दोन सीटांवर दोन वेगळे तुकडे आहेत, आतून खटके फिरवले की वर उचलायचे, बस. पानाही लागत नाही. मागचा मोठा भाग तेवढा बोल्टांचा, त्याला दोन माणसं पाहिजेत. नाहीतर आपली ती ताडपत्री! सोडताना नखं तुटायची, आणि परत बांधायची वेळ आली की तुला नेमकी तहान लागायची. ३५ वर्षं झाली, मी विसरलेलो नाही.

ओरखडा नको म्हणून ते दोन तुकडे गोधडीत गुंडाळून पाहुण्यांच्या खोलीत गादीवर ठेवले आहेत. तू आलास तर खाली झोपशील.

गेल्या रविवारी पहाटे निघालो. मुक्ता चालवायला, शेजारी मी, मागे नीलूच्या बहिणीचा ओम. सगळ्या काचा खाली, तोंडाला दुपट्टे. तुला वाटेल वारा समोरून लागत असेल. नाही बे. समोरची काच तो अडवते, आणि तो वरून मागे जाऊन पाठीमागून आत येतो. केस सगळे कपाळावर. माझे किती उरलेत ते तुला माहीत आहे, पण होते नव्हते ते डोळ्यांत गेले. कामठी सोडल्यावर ओमला थंडी वाजली म्हणून आम्ही काचा वर घेतल्या, त्याने मागची एकच अर्धी ठेवली, आणि कानात कोणी ढोल बडवल्यासारखं धब धब धब. मला वाटलं टायर गेला. मुक्ताने पुढची काच चार बोटं खाली घेतली आणि आवाज बंद. म्हणते, ‘रिकाम्या बाटलीच्या तोंडाशी फुंकलं की कशी घुमते बाबा, तसं. इथे गाडीच बाटली आहे.’ पोरगी हुशार आहे. आईवर गेली.

कन्हानच्या अलीकडे एक ट्रक बरोबरीने आला. ड्रायव्हरने वरून थेट माझ्या मांडीवर पाहिलं, जिथे संत्रा बर्फीचा डबा होता, आणि ओरडला, ‘क्यों भाऊ, छत बेच दी क्या?’

मनसरच्या पुढे देवलापारपर्यंत गेलो. तू गेलास तेव्हा हा रस्ता साधा होता. आता पेंचच्या जंगलात तो जागोजागी खांबांवर उचलला आहे, एक पूल तर ७५० मीटरचा, खालून वाघाहरणांनी जावं म्हणून. उजेड आणि आवाज जंगलात जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना भिंती. बंद गाडीतून गेलो असतो तर मी म्हटलं असतं, काय बोअर रस्ता आहे. पण छत नव्हतं ना. भिंत संपली रे संपली की मोहाच्या फुलांचा वास असा आत यायचा की मी दुपट्टा खाली घेतला. तोच तो, गोड आणि थोडा नासका. मग कोणी काही बोललं नाही. मला तू आठवलास. म्हणजे तेव्हा चांगल्या अर्थाने आठवलास.

परतताना रामटेकला गडावर गेलो. छत उघडं ठेवून गडावर गाडी उभी करणं हा मूर्खपणा कोणी केला ते विचारू नकोस. दर्शन घेऊन येतो तो ड्रायव्हरच्या सीटवर माकड, बर्फीचा डबा उघडा, आणि हात स्टीयरिंगवर. तुझ्यासारखंच बसलं होतं, एक कोपर बाहेर काढून.

उतरताना ओम म्हणाला मी पुढे बसतो. मी मागे गेलो. आणि त्या वळणाच्या अलीकडे, कोणत्या ते तुला सांगायला नको, ओम उठून सीटवर उभा राहिला. व्हिडिओ घ्यायला. माझ्या डोक्यावर छत होतं, त्यामुळे मला फक्त त्याचे पाय दिसत होते, सीटवर चपला, कमरेच्या वरचा ओम आभाळात. डाव्या बाजूला. मी असा किंचाळलो की मुक्ताने करकचून ब्रेक मारला आणि ओमच्या बरगड्या काचेच्या चौकटीवर आपटल्या. लागलं नाही फार. मुक्ता म्हणाली, ‘वीसच्या स्पीडने जाऊन राहिले होते बाबा. ब्रेक तुमच्या ओरडण्याने लागला.’ खरं होतं. मी नियम, कायदा, दंड, बेल्ट असं काहीबाही बोलत सुटलो. ते सगळं बरोबरच आहे, पण त्यासाठी कोणी असं ओरडत नाही हे तिलाही कळतं. आठवडा झाला, ती माझ्याशी ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलते. नीलूने बीपी तपासायला लावलं. १३० वर ८०.

मुक्ताला खरं सांगायचं म्हटलं तर आपण तेव्हा घरी सांगितलेली लुना आडवी येते. परवाच काकू लक्ष्मीनगरच्या भाजीबाजारात भेटल्या, आणि ओमचं नाव काढलं तर म्हणाल्या, ‘या पोरांना गाडी देऊच नये, त्या मेल्या लुनाने माझ्या सुधाकरचं गळ्याचं हाड मोडलं.’ ३५ वर्षं! माझ्या बाबांनी ती लुना विकून टाकली, मी दोन वर्षं सायकलने कॉलेजला गेलो, आणि तू काकांच्या जीपमध्ये बसून माझ्या बाजूने हॉर्न वाजवत जायचास. तो हॉर्न मी माफ केलेला नाही.

पण लुना जाऊ दे. मला शेळीबद्दल सांगायचं आहे.

तू ती दरवर्षी मोठी करत गेलास. आधी नुसती शेळी होती, मग काळी झाली, मुक्ताच्या बारशात तिला एकच शिंग होतं आणि ती माझ्याकडे बघून हसली होती. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो.

शेळी नव्हती, सुध्या.

गडावर तू सगळ्यांसमोर माझ्या नापास होण्याची नक्कल केली होतीस, बाबांच्या आवाजासकट. उतरताना तू जीपमध्ये काचेची चौकट धरून उभा होतास, गात होतास, आणि मला वाटलं एक झटका द्यावा, घाबरावं याने. एवढंच. स्टीयरिंग हाताच्या पंजाइतकं फिरवलं असेल. तू खाली पडलास, धूळ बसायच्या आत तूच विचारलंस, ‘काय आलं बे मधे?’ आणि मी म्हटलं, ‘शेळी.’

मुक्ताला अर्धं सांगता येत नाही. ती पहिला प्रश्न हाच विचारेल, की काय आलं होतं मधे. आणि तुझ्या आधी तिला सांगणं मला जमेना, म्हणून हे पत्र. हे फोनवर नसतं झालं.

तुझ्याकडचं काय? वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? बिल्डिंग पाडून राहिले होते ना, भाड्याच्या घरात पाणी येतं का? चिन्मयला नोकरी लागल्याचं कळलं, पेढे पाठव, नुसते फोटो नको.

आता समृद्धी पूर्ण झाला, ७०१ किलोमीटर. आमण्याला चढायचं आणि इकडे उतरायचं, ठाण्याहून ‘लांब पडतं’ हे कारण चालणार नाही. बाळूभाऊ पुढच्या महिन्यात १५ तारखेला गाडी न्यायला येतात. त्याच्या आधी ये, शिव्या द्यायला ये हवं तर. छत काढून ठेवतो. पुढे तू बस, बेल्ट लावून. गाडी मुक्ता चालवेल.

काकूंसाठी मात्र लुनाच राहू दे.

तुझा,
दिल्या