पोटमाळ्यावरचं फुटबॉल स्किपमध्ये टाकू नका : शेफिल्डच्या हौशी क्लबांच्या दप्तरासाठी आवाहन

24 ऑक्टोबर 1857 रोजी इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात स्थापन झालेला शेफिल्ड एफसी हा जगातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब. 2011 साली या क्लबने आपले हस्तलिखित नियम आणि सुरुवातीच्या काळातली इतिवृत्तं लिलावात काढली, तेव्हा त्यांना 8,81,250 पौंड आले. त्याच शहरात वर्षानुवर्षं रविवारच्या लीगमध्ये खेळलेल्या छोट्या क्लबांच्या वह्या मात्र सेक्रेटरी वारल्यावर घर रिकामं करताना स्किपमध्ये, म्हणजे दाराशी मागवलेल्या कचऱ्याच्या मोठ्या पेटीत, जातात. त्या वह्या आम्हाला हव्या आहेत.

आम्ही शेफिल्ड परिसरातल्या हौशी फुटबॉलचं दप्तर जमवणारा स्थानिक स्वयंसेवी गट आहोत. मराठीत आवाहन करण्याचं कारण सरळ आहे. इथल्या इस्पितळांत आणि विद्यापीठांत काम करणारी मराठी कुटुंबं जुनी घरं विकत घेतात, आणि पोटमाळ्यावर आधीच्या मालकाचं सामान तसंच पडलेलं असतं. शेजारचे आजोबा-आजी घर सोडताना आधी शेजाऱ्यालाच विचारतात, "यातलं काही हवंय का?"

हौशी फुटबॉल म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. पेठेची तालीम, तालमीचा संघ आणि संघापायी मैदानावर लोटलेली पेठ. शेफिल्डमध्ये तालमीच्या जागी पब, पोलादाचा कारखाना, कोळशाची खाण आणि चर्च असतं, एवढाच फरक. 26 डिसेंबर 1860 ला शेफिल्ड आणि हॅलम या क्लबांचा सामना सँडीगेटच्या मैदानावर झाला; हॅलमचा संघ आजही तिथेच खेळतो. इतकी सलग परंपरा असलेल्या गावात मधल्या शंभर वर्षांचे छोटे क्लब कागदावर सापडू नयेत, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे सेक्रेटरीची वही. वर्गणी कोणी थकवली, जाळी कितीला आणली, मैदानाचं भाडं, पंचाचं मानधन, या आठवड्यात जर्सी धुवायची पाळी कोणाची, हे सगळं तिच्यात असतं. वहीवर साल नसलं तरी टाकू नका, ते काढता येतं. हिशेब शिलिंग-पेनीत असेल तर तो 15 फेब्रुवारी 1971 च्या आधीचा, कारण त्या दिवसापासून ब्रिटनमध्ये दशमान नाणी आली. एफए, म्हणजे इंग्लंडची फुटबॉल संघटना, हिच्या संडे कपचा उल्लेख असेल तर वही 1964 च्या मागे जात नाही. एफएचा अ‍ॅमेच्युअर कप 1974 ला संपला, म्हणून त्या कपाच्या चालू फेरीची नोंद त्यापूर्वीची.

बायकांच्या संघाचा फोटो दिसला तर तो वेशभूषेचा किंवा गंमतीचा समजून बाजूला टाकू नका. 1920 च्या डिसेंबरात गुडिसन पार्कवर बायकांचा सामना बघायला 53,000 लोक आले होते. पुढच्याच वर्षी, 5 डिसेंबर 1921 ला, एफएने आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांच्या फुटबॉलला बंदी घातली. पन्नासएक वर्षं हे संघ मोकळ्या बागांत आणि कारखान्यांच्या मैदानांवर खेळले. त्यांचं दप्तर ठेवणारं अधिकृत कोणी नव्हतं, त्यामुळे एकेक फोटो लाखमोलाचा आहे.

आता एक कळकळीची विनंती : सापडलेली वस्तू साफ करू नका. आमच्याकडे आलेल्या वस्तूंचं सगळ्यात जास्त नुकसान चांगल्या मनाने केलेल्या सफाईतून झालेलं असतं.

चामड्याच्या चेंडूचंच घ्या. पट्ट्या शिवलेला, तोंडाशी वादीने आवळलेला, आत रबरी ब्लॅडर. 1937 पासून नियमाने वजन 14 ते 16 औंस, पण ते सामना सुरू होतानाचं. पावसात चामडं पाणी पिऊन जड व्हायचं, म्हणून त्याला डबिन नावाचं चरबी-मेणाचं मलम चोळत. असा चेंडू हाती आला की पहिला मोह होतो हवा भरण्याचा. ब्लॅडर चामड्याला चिकटून कडक झालेलं असतं आणि शिवणीचा दोरा कुजलेला असतो. पंपाचे चार झटके दिले की शिवण उसवते, आणि ती पुन्हा मूळ भोकांतून घालता येत नाही. चेंडू बसका असेल तर तसाच बसका राहू द्या. वर पांढरी पूड दिसली तर बोट टेकवून बघा. उबेने ती विरघळून मेणचट लागली तर ते जुनं डबिन आहे, घाबरू नका. केसाळ असून कुबट वास आला तर बुरशी. चेंडू कागदी पिशवीत वेगळा ठेवा आणि आम्हाला आधी सांगा. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी वाढतेच.

जुन्या बुटांच्या तळाला चामड्याचे स्टड खिळ्यांनी ठोकलेले असतात. खिळा गंजला की आजूबाजूचं चामडं भुसभुशीत होतं, म्हणून स्टड हलवून बघू नका आणि तेल लावू नका.

लोकरी किंवा सुती जर्सीत कसर असेल तर ती पॉलिथिनमध्ये गुंडाळा, हवा दाबून काढा, चिकटपट्टीने बंद करा आणि उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर दव थेट कापडावर धरतं.

फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर ओढू नका. अल्बम आहे तसा द्या. मागे नावं लिहायची असतील तर बॉलपेन नको, 2बी पेन्सिल हलक्या हाताने. सामनापत्रिकेच्या गंजलेल्या पिना आणि पिवळ्या पडलेल्या सेलोटेपला हात लावू नका, ते काम आमचं. वर्तमानपत्राची कात्रणं मात्र इतर कागदांपासून लगेच वेगळी करा, त्यातलं आम्ल शेजारच्या फोटोवर तपकिरी डाग पाडतं.

वस्तू द्यायची नसेल, फक्त स्कॅन द्यायचा असेल, तरी आनंद आहे. फोटो 600 डीपीआय, नेगेटिव्ह 2400, फाइल टिफ. वह्यांमध्ये खेळाडूंचे पत्ते, जन्मतारखा, शिस्तभंगाची प्रकरणं असतात. हयात माणसांची अशी पानं आम्ही बंद ठेवतो, म्हणून पानं फाडून किंवा खोडून देऊ नका.

सामानात सध्या आम्लमुक्त पेट्या 30, आम्लमुक्त टिश्यू 500 ताव, पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं 200 आणि हवेतला दमटपणा शोषणारा एक डीह्युमिडिफायर लागेल. रोख रकमेपेक्षा या वस्तूच द्याव्यात, ही विनंती. वेळ देणार असाल तर दोन तासांची एक बैठक पुरते. हस्ताक्षर वाचायचा कंटाळा नसावा, बाकी सगळं शिकवतो.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनाही एक काम आहे. मुंबईत 1891 ला सुरू झालेला रोव्हर्स कप पहिल्यांदा वूस्टरशायर रेजिमेंटने जिंकला; तिथलं सुरुवातीचं फुटबॉल बरंचसं पलटणींचं होतं. जुन्या बाजारात एखाद्या पलटणीच्या फुटबॉल संघाचा पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो दिसला, तर पाटीवर यॉर्क अँड लँकेस्टर हे नाव आहे का बघा. त्या रेजिमेंटची भरती शेफिल्डच्या भागातून होई. दोन्ही बाजूंचा मोबाइलवर फोटो काढून पाठवलात तरी पुष्कळ.

शेफिल्डमध्ये घर रिकामं करत असाल तर पेटीतले कागद नीट लावत बसू नका. सेक्रेटरीने लावलेला क्रमही आम्हाला हवा असतो. स्किप यायच्या आदल्या दिवशी कळवलंत तरी चालेल, दोघं जण गाडी घेऊन येतील.