बाई, ती भरती-ओहोटीची वही अजून आहे माझ्याकडे

बाई, नमस्कार. तुम्ही रिटायर झालात हे परवा बाजारात कळलं आणि राहवलं नाही, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय.

चौथीत मी विचारलं होतं, काल शाळा सुटल्यावर दाभोळ खाडीत कालवं काढायला गेलो तेव्हा सुकती म्हणजे ओहोटी होती, मग आज त्याच वेळेला पाणी जास्त का? तुम्ही म्हणालात, "मलाही नीट सांगता यायचं नाही गो, आपण बघूया." शिक्षकांच्या तोंडून 'येत नाही' हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मग महिनाभर धक्क्याच्या पायऱ्यांवर खुणा. कोळशाची खूण पाण्याने गेली तर तुम्ही रागावला नाहीत, मग कशाने टिकेल एवढंच विचारलंत, आणि आम्ही होडीला लावून उरलेलं डांबर आणलं. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते हे आमच्याच वहीतून निघालं. कारण तुम्ही पुस्तकात शोधून आणलंत, पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला तेवढा वेळ जास्त लागतो.

आणि माझ्या आजोबांना वर्गात बोलावलंत ना, ते मी कधीच विसरणार नाही. ते सही पण करत नव्हते, अंगठा. त्यांनी सांगितलं तिथीला पाऊणपट करायचं, अष्टमी असली तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती पुरी. तुम्ही आमच्यात खाली सतरंजीवर बसून ते वहीत उतरवून घेत होतात आणि आजोबा तुमच्याकडेच बघत होते. घरी येऊन जेवताना दोनदा बोलले, "बाईंनी लिवून घेतलान."

बारावीनंतर लग्न झालं, शिक्षण सुटलं. पण बघून, विचारून, लिहून ठेवायची सवय काही सुटली नाही, मसाल्याचा हिशोब असो नाहीतर कलमांवरची फवारणी. 39 व्या वर्षी मुक्त विद्यापीठात बीएला अ‍ॅडमिशन घेतलं, लोक म्हणाले आता कशाला, मी फॉर्म भरून आले. आता दुसऱ्या वर्षाला आहे. मुलगा काही विचारतो आणि मला येत नसतं तेव्हा मी सरळ सांगते येत नाही, चल बघूया.

खूप खूप आभार, बाई. परीक्षा झाली की येते भेटायला, वही घेऊन. आजोबांचं पाऊणपटाचं पान तुमच्या अक्षरात आहे, ते तुम्हाला दाखवायचंय.