सचित्र बालपुस्तकांनाही ‘ज्ञान पोस्ट’ लागू करावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मुलांसाठी सचित्र पुस्तक स्वखर्चाने काढणारे शिक्षक, लेखक आणि चित्रकार आता कोकणातही भेटतात. त्यांच्या अडचणींची चर्चा मात्र बहुधा छपाईच्या खर्चापाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. असे एक पुस्तक काढून त्याची विक्रीही स्वतःच केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, पुस्तक तयार करण्यापेक्षा ते वेंगुर्ल्याहून चंद्रपूरच्या वाचकापर्यंत परवडेल अशा खर्चात पोहोचवणे अधिक अवघड आहे, आणि टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ या पुस्तकांसाठीच्या स्वस्त टपाल सेवेबाबत एक स्पष्ट खुलासा केला तर ही अडचण बरीच हलकी होईल.

छपाई महाग आहे, हे कोणी नाकारणार नाही. रंगीत ऑफसेटमध्ये कागदाच्या प्रत्येक बाजूसाठी चार रंगांच्या चार प्लेटा (छपाईचे पत्रे) लागतात आणि हा खर्च शंभर प्रती काढा वा हजार, तेवढाच येतो. म्हणून छापखाना हजार प्रतींचा आग्रह धरतो. थोड्या प्रतींसाठी डिजिटल छपाईची सोय आहे, पण तिथे दर प्रतीचा खर्च चढा पडतो. संगणकाच्या पडद्यावर झळकणारा समुद्राचा हिरवट निळा रंग कागदावर मंद उतरतो, तेव्हा नमुना प्रत पाहिल्याशिवाय छपाईला होकार देऊ नये. शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात गठ्ठे नीट बांधून ठेवले नाहीत, तर गुळगुळीत आर्ट पेपरची पाने दमट हवेने एकमेकांना चिकटतात. चित्रे किंचित फिकी दिसली तरी जाड मॅपलिथो (बिनचकाकीचा साधा छपाईचा कागद) बरा, असे मला वाटते ते यामुळेच.

चित्रे काढणाऱ्यांची इथे वाण नाही. चित्रांची पोथी एकेक पान दाखवत गाऊन कथा सांगण्याची चित्रकथीची परंपरा कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर कलाकारांनी जपली आहे आणि त्यांतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्रीही मिळाली. चित्रकाराशी लेखी करार मात्र अवश्य करावा, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, मिळवून देण्यासाठी पैसे आकारणारी ‘पॅकेजे’ विकली जातात, त्यांपासून नवख्या लेखकांनी सावध राहावे. हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्ज केल्यावर विनामूल्य मिळतो आणि लेखक स्वतः प्रकाशक असला तरी त्याला अर्ज करता येतो. प्रकाशक झालो की १९५४ चा ग्रंथप्रदान कायदाही लागू होतो: प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली येथील ग्रंथालये यांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने द्यावी लागते. म्हणजे विक्री सुरू होण्यापूर्वीच टपालाचा खर्च सुरू होतो.

त्यानंतर वितरक छापील किमतीवर जी भरघोस सूट मागतात, ती हजार प्रतींच्या पुस्तकाला झेपत नाही, म्हणून वाचकाला थेट टपालाने पुस्तक पाठवणे हाच मार्ग उरतो. पूर्वी त्यासाठी बुक पोस्ट ही पुस्तकांची स्वस्त टपाल सेवा होती. डिसेंबर २०२४ मध्ये ती बंद झाली. पुढे १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली आणि तिचे दर खरोखर चांगले आहेत: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळे. चोवीस पानांचे आमचे पुस्तक साधारण शंभर ग्रॅम भरते. याचा अर्थ वीस रुपयांत वेष्टनासह दोन प्रती जातात आणि शंभर रुपयांत एखाद्या शाळेला चाळीसेक प्रतींचा गठ्ठा पाठवता येतो. स्पीड पोस्टचा खर्च याच्या कित्येक पट होतो, आणि २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही तिच्यातच विलीन झाल्यामुळे तो पर्यायही उरलेला नाही.

अडचण आहे ती योजनेच्या व्याख्येत. अभ्यासक्रमाशी वा स्पर्धा परीक्षांशी संबंधित पुस्तके आणि सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक स्वरूपाची पुस्तके तीत बसतात. व्यावसायिक स्वरूपाची प्रकाशने बसत नाहीत. आता खेकड्याची किंवा कासवाची गोष्ट यांपैकी कशात मोडते? एका काउंटरवर ती सांस्कृतिक म्हणून स्वीकारली जाते, तर दुसऱ्या काउंटरवर पुस्तकावर छापलेली किंमत पाहून व्यावसायिक ठरते आणि पुस्तक परत हाती येते. कर्मचाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण नियमच संदिग्ध आहे. (चार वर्षांच्या मुलाला अभ्यासक्रम कोणता, हा प्रश्नही कोणीतरी विचारायला हवा.)

माझी मागणी एवढीच आहे की, आयएसबीएन असलेले आणि मुद्रक-प्रकाशकाचे नाव छापलेले कोणतेही बालपुस्तक, त्यावर किंमत असली तरी, ‘ज्ञान पोस्ट’साठी पात्र आहे, असे परिपत्रक टपाल खात्याने काढावे आणि ते तालुक्याच्या कार्यालयांपर्यंत पोहोचवावे. आपल्या भागातील खासदारांनी हा विषय संबंधित मंत्रालयाकडे न्यावा, ही विनंती. जूनमध्ये शाळा उघडताना पुस्तकांची मागणी येते. परिपत्रक त्याआधी निघाले तर यंदाच्या प्रती त्याच दराने पाठवता येतील.

आपली,
एक लेखिका-प्रकाशिका
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग