बाटलीकडून पेल्याकडे

चि. मंदार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रेवाला पुढच्या महिन्यात वर्ष पूर्ण होईल, तेव्हा डब्यातले, तान्ह्या बाळांसाठीचे पावडरचे दूध बंद करून साधे दूध कसे सुरू करायचे आणि बाटली नेमकी कधी काढून घ्यायची, असे तू विचारले आहेस. फोनवर याचे उत्तर तुकड्यातुकड्यांनी देता आले असते. पण ज्या आईबापांना एखाद्या गोष्टीमागचे कारण नीट ठाऊक असते, तेच मध्यरात्री रडणाऱ्या मुलासमोर आपल्या निर्णयावर टिकून राहतात, हे बालविभागात परिचारिका म्हणून काम करताना मी पुष्कळ पाहिले आहे. म्हणून सविस्तर लिहिते. पत्र दोघांनीही वाचा, कारण एकाने पेला पुढे करायचा आणि दुसऱ्याने बाटली, असे झाले तर या खटाटोपाचा काही उपयोग होणार नाही.

तुझ्या प्रश्नात दोन वेगवेगळे बदल एकत्र आले आहेत. तिने कोणते दूध प्यायचे हा एक, आणि ते कशातून प्यायचे हा दुसरा. पुष्कळ घरांत वाढदिवस उलटताच दोन्ही एकदमच उरकले जातात. मग मुलाच्या वाट्याला एकाच दिवशी नवी चव आणि नवे भांडे येते, झोपेआधीचा नेहमीचा आधारही जातो, आणि ते दुधाकडे पाठ फिरवते. घरातली माणसे ‘हिला दूध आवडतच नाही’ असे म्हणून मोकळी होतात. प्रत्यक्षात तिने दूध नाकारलेले नसते, एकदम झालेली उलथापालथ नाकारलेली असते. तेव्हा पेल्याचा सराव आजपासूनच सुरू करा आणि त्यात तिच्या ओळखीचे पावडरचेच दूध किंवा थोडे पाणी घाला. खरे तर सहाव्या महिन्यापासून, वरचे अन्न सुरू होते तेव्हाच, पेल्याशी ओळख करून देता येते; पण अकराव्या महिन्यातही उशीर झालेला नाही. दूध बदलायचे ते वर्ष पूर्ण झाल्यावर.

वर्षाची मर्यादा का, तेही सांगते. गाईच्या दुधात प्रथिने आणि क्षार पावडरच्या दुधापेक्षा बरेच जास्त असतात. प्रथिनांचे प्रमाण तर दुपटीहून अधिक असते. हा जास्तीचा भार तान्ह्या बाळाच्या मूत्रपिंडांना झेपवावा लागतो. शिवाय लहान वयात हे दूध मोठ्या प्रमाणात दिले, तर काही बाळांच्या आतड्यांतून डोळ्यांना न दिसणारा किंचित रक्तस्राव होत राहतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या दुधात लोह जवळजवळ नसतेच, लिटरभर दुधात एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. पावडरच्या दुधात लोह मुद्दाम घातलेले असते, त्यामुळे आजवर रेवाची ती गरज बाटलीतून भागत आली. पावडरचे दूध थांबले की लोहाची ती वाट बंद होते आणि ते तिच्या ताटातून यावे लागते. अमेरिकेतील शिफारशींनुसार १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला ७ मिलिग्रॅम लोह लागते. म्हणून दूध बदलण्याआधी ती जेवते कशी, हे पाहा. डाळी, कडधान्ये, अंडी, मासे, मांस, हिरव्या पालेभाज्या यांपैकी जे तुमच्या घरात चालते ते रोज दोन वेळा तरी तिच्या तोंडी गेले पाहिजे, आणि त्याबरोबर टोमॅटो किंवा संत्र्यासारखे ‘क’ जीवनसत्त्व असलेले काही असले तर वनस्पतिजन्य अन्नातले लोह अंगी अधिक लागते.

येथे मला जे मनापासून सांगायचे आहे ते असे, की वर्षानंतर दुधाचा मान बदलतो. आजवर ते तिचे मुख्य अन्न होते आणि खिमटीचे दोन-चार घास जोडीला होते. आता घास मुख्य आणि दूध जोडीला. हे मनाला पटले नाही, तर पेला हाती येऊनही तुम्ही तिला बाटलीइतकेच दूध पाजत राहाल. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना या वयात दिवसाला १६ ते २४ औंस, म्हणजे साधारण ४८० ते ७१० मिलिलिटर दूध सुचवते. ब्रिटनमध्ये किमान ३५० मिलिलिटर पुरेसे मानतात. तुम्ही चारशे-पाचशेच्या आसपास राहा, आणि सातशेच्या वर मुळीच जाऊ नका. पाव लिटर दुधातून सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते आणि या वयाची गरज ७०० मिलिग्रॅमची आहे, म्हणजे पाव लिटरचे दोन पेले दूध आणि वाटीभर दही यांत ती भागते. त्याहून जास्त दूध पोटात गेले की भूक मरते, लोहाचे घास मागे पडतात आणि दुधातले कॅल्शियम उरलेल्या लोहाच्याही आड येते. गुटगुटीत, गोरीगोमटी दिसणारी, दिवसभर दुधावर राहणारी आणि तपासणीत हिमोग्लोबिन कमालीचे उतरलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांच्या आयांना आपण मुलाला उत्तम तेच देत आहोत याची पूर्ण खात्री असे.

दूध पूर्ण स्निग्धांशाचे घ्या. साय काढलेले किंवा कमी स्निग्धांशाचे दूध दोन वर्षांपर्यंत नको, कारण मेंदूची वाढ या काळात झपाट्याने होत असते आणि तिला स्निग्ध पदार्थ लागतात. ते पाश्चराइज केलेले किंवा उकळलेले असावे आणि त्यात साखर घालू नये. ‘एक वर्षावरील मुलांसाठी’ असे लिहिलेले पावडरचे नवे डबे दुकानात तुम्हाला दिसतील. नीट जेवणाऱ्या मुलाला त्यांची गरज नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशी दुधे न देण्याचीच शिफारस केली आहे, आणि १२ ते २३ महिन्यांच्या, अंगावर न पिणाऱ्या मुलांना जनावराचे दूध द्यावे असे म्हटले आहे. बदामाच्या किंवा ओटच्या पेयांना दूध समजू नका. त्यांत प्रथिने फार थोडी असतात.

आता प्रत्यक्ष बदल. काही मुले नवे दूध पहिल्याच दिवशी विनातक्रार पितात. रेवा तशी निघाली तर मिसळण्याच्या भानगडीत पडूच नका. तिने तोंड वळवले, तर १२० मिलिलिटरमध्ये ९० पावडरचे तयार दूध आणि ३० साधे दूध अशी सुरुवात करा, तीन-चार दिवसांनी निम्मे-निम्मे, आणि मग उलट प्रमाण. येथे एक चूक फार होते, म्हणून स्पष्ट लिहिते: पावडर कधीही साध्या दुधात कालवायची नाही. डब्यावर सांगितल्याप्रमाणे आधी ती पाण्यात मापाने तयार करायची आणि मगच तिच्यात दूध मिसळायचे. अन्यथा ते मिश्रण इतके दाट होते की बाळाच्या शरीराला पाणी कमी पडते. तिला कोमट दुधाची सवय आहे, तेव्हा पहिले काही दिवस साधे दूधही तितकेच कोमट द्या आणि हळूहळू कमी गरम करत आणा. या काळात शी थोडी घट्ट होईल किंवा तिचा रंग बदलेल, त्याने घाबरून जाऊ नका. मात्र अंगावर गांधी उठणे, वारंवार उलट्या होणे किंवा शीतून रक्त जाणे असे काही दिसले, तर दूध थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा. तिचे आजवरचे पावडरचे दूध गाईच्या दुधापासूनच केलेले आहे आणि ते तिला सोसले आहे, त्यामुळे तशी शक्यता कमी आहे.

पेल्याविषयी थोडे सावकाश सांगते, कारण तुझी खरी अडचण येथेच आहे. बाटलीने पिताना जीभ निपलला खालून कवटाळते आणि पुढेमागे सरकून दूध ओढते. पेल्याने पिताना खालच्या ओठाला कडेचा आधार घ्यावा लागतो, जबडा स्थिर ठेवावा लागतो, तोंडात आलेला घोट सांभाळून मग गिळावा लागतो, आणि हे सगळे तिला नव्याने शिकायचे आहे. म्हणून पेला छोटा घ्या, दोन्ही हातांनी धरता येईल असा, आणि त्यात तीस मिलिलिटरपेक्षा जास्त दूध घालू नका. तिला ताठ बसवा. कड खालच्या ओठावर अलगद टेकवा आणि दूध ओठाला लागेल इतकाच पेला कलता करा. तोंडात ओतू नका. ती वरचा ओठ पुढे आणून स्वतः घोट घेईपर्यंत थांबा, आणि घोट गिळल्यावर पेला खाली करा. सुरुवातीला ती कड चावेल. तो हट्ट नसतो. डगमगणारा जबडा स्थिर करण्याची तिची ती युक्ती असते आणि सरावाने ती आपोआप सुटते. दूध हनुवटीवरून गळ्यात जाईल, कपडे भिजतील, अर्धे सांडेल, ते सांडू द्या. न सांडणारे झडपेचे पेले सोयीचे वाटतात, पण त्यांतून दूध चोखूनच ओढावे लागते, म्हणजे बाटलीची सवय दुसऱ्या रूपात तशीच राहते. चोचीचा पेला घ्यायचाच असेल, तर उलटा केल्यावर थेंब गळणारा, बिनझडपेचा घ्या, आणि तो हातात घेऊन तिला घरभर फिरू देऊ नका. दूध बसून, जेवणाच्या किंवा खाऊच्या वेळी प्यायचे.

बाटल्या एकेक करून कमी करा. दुपारची सर्वांत सोपी जाते, कारण तेव्हा तिचे लक्ष खेळात असते. तिच्या जागी खाण्याबरोबर पेल्यातून दूध द्या. ती सवय बसली की सकाळची, आणि झोपतानाची शेवटी. प्रत्येक टप्प्याला चार दिवस लागोत की दहा, वाढत्या रडण्याकडे पाहून मागे फिरू नका, पण ताप, दात येताना होणारा त्रास किंवा पाळणाघराचे पहिले दिवस अशा वेळी नवा टप्पा सुरूही करू नका. काही दिवस तिचे एकूण दूध कमी होईल. तिची लघवी नेहमीसारखी होत असेल आणि ती खेळत असेल, तर दही व चीज देऊन निभावून न्या. साधारण बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान बाटली पूर्ण सुटावी. जितका उशीर होतो तितकी ती सोडवणे अवघड जाते, कारण दीड वर्षाच्या मुलाला तिचे नाव घेऊन ती मागता येते.

झोपतानाच्या बाटलीबद्दल मी थोडी कठोर आहे, आणि त्याला कारण आहे. झोपेत लाळ कमी सुटते. तोंडात बाटली धरून मूल झोपले की दुधातली साखर वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहते, जंतू तिच्यापासून आम्ल तयार करतात आणि हिरडीच्या कडेला आधी पांढुरके, मग तपकिरी डाग पडतात. दोन वर्षांच्या मुलाला दातांसाठी भूल देण्याची वेळ यावी, असे कोणाच्याही घरी घडू नये. आडवे पडून बाटली पिण्याने कानाला संसर्ग होण्याची शक्यताही वाढते. म्हणून रात्रीचा क्रम बदला: आधी पेल्यातून दूध, मग तांदळाच्या दाण्याएवढ्या फ्लोराइड पेस्टने दात घासणे, मग मांडीवर गोष्ट, आणि नंतर झोप. रात्रीची ती अर्धी घटका तुझी असते हे मला ठाऊक आहे, आणि बाटलीबरोबर तीही जाईल अशी तुला रुखरुख वाटत असणार. तिला तुझी मांडी, तुझा आवाज आणि तोच मंद दिवा हवा असतो. ते सर्व तसेच ठेव, किंबहुना थोडे वाढव. मध्यरात्री ती उठली, तर वर्षाच्या निरोगी आणि नीट जेवणाऱ्या मुलाला पोषणासाठी तेव्हा दूध लागत नाही. दर दोन-तीन रात्रींनी बाटलीतले दूध तीस-तीस मिलिलिटरने कमी करत न्या. तहान असेल तर पेल्यातून पाणी द्या, आणि थोपटून परत निजवा.

पाळणाघरातल्या बाईंनाही हे सर्व सांगून ठेवा आणि तिथली बाटली बंद होईल त्याच दिवशी तिचा पेला तिकडे पाठवा. घरात शेवटची बाटली सुटली की सर्व बाटल्या आणि निपल नजरेआड करा; ‘आजच्या दिवस’ म्हणून एखादी राखून ठेवलीत, तर ती नक्की बाहेर येईल. वर्षाच्या तपासणीला जाल तेव्हा रेवाचे हिमोग्लोबिन पाहायला सांगा, ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब पुढे किती द्यायचे ते विचारून घ्या, आणि ती दिवसभरात किती दूध पिते व काय खाते हे आठवडाभर वहीत टिपून ती वही बरोबर न्या. डॉक्टरांनी तिच्या वजनाकडे पाहून काही वेगळे सांगितले, तर माझे बाजूला ठेवून त्यांचेच ऐका, आणि ते काय म्हणाले ते मला त्याच दिवशी कळव.

तुझी,
आई