साखरप्याजवळच्या त्या मंडळींचे मनापासून आभार

मी एसटीत चालक आहे. जुलैमध्ये रात्रीची गाडी घेऊन रत्नागिरीहून कोल्हापूरमार्गे सोलापूरला निघालो होतो. साखरपा सोडलं आणि पुढे आंबा घाटात दरड आल्याचं कळलं. पाऊस कोसळत होता, गाडीत म्हातारी माणसं, एक तान्हं बाळ. गाडी कडेला घेतली.

थोड्याच वेळात जवळच्या वाडीतली माणसं बॅटऱ्या घेऊन आली. एका मावशींनी बाळाच्या दुधासाठी पाणी उकळून आणलं, बाकीच्यांना पातेलंभर गरम पेज आणि लोणचं. एका तरुणाने न सांगता चाकांना दगड लावले आणि मला म्हणाला, "काका, तुम्ही आडवे व्हा. गाडीजवळ मी बसतो." चालकाला जेवलात का विचारणारे पुष्कळ भेटतात, झोपेची काळजी करणारा क्वचितच. घाटाची वळणं आणि सोलापूरपर्यंतचा रस्ता अजून माझ्याच हातात होता, हे त्याने ओळखलं. पहाटे रस्ता मोकळा झाल्यावर त्यानेच हाक मारून उठवलं, समोरची काचही पुसून ठेवली होती.

निघायच्या गडबडीत कुणाची नावं कळली नाहीत. मंडळी, सगळे प्रवासी सुखरूप पोचले. मी अजून याच मार्गावर आहे, गाडी दिसली की हात करा.