नखाची बुरशी: औषधाआधी तपासणी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चिखलणी-लावणीच्या दिवसांत पायांच्या बोटांना चिखल्या होणे ही आमच्या कोकणात कोणाला दवाखाना गाठण्याजोगी बाब वाटत नाही. परंतु या चिखल्यांमध्ये पुष्कळदा बुरशी असते आणि तीच पुढे नखाखाली शिरून नख पिवळट, जाड व ठिसूळ करते. माझ्या मधुमेही आईच्या अंगठ्याचे नख असेच बिघडले, तेव्हा औषधाच्या दुकानातून मिळालेले स्टेरॉइडमिश्रित मलम आम्ही आठ महिने लावत राहिलो. अशा मलमाने खाज आणि लाली दबते, त्यामुळे गुण येतो आहे असे वाटते. प्रत्यक्षात त्वचेवरची बुरशी पसरत जाते आणि कठीण नखाच्या आत तर मलम फारसे पोहोचतच नाही.

पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत औषध न देता नखाखालचा भुगा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवला. तेव्हा आम्हांला तो वेळकाढूपणा वाटला, याची आज खंत वाटते. बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्मीच बुरशीमुळे बिघडलेली असतात. सोरायसिसने किंवा घट्ट बुटाच्या सततच्या दाबानेही नख तसेच दिसते, आणि अशा रुग्णाला बुरशीच्या गोळ्या देणे म्हणजे विनाकारण यकृतावर भार टाकणे होय.

बुरशी निश्चित झाल्यावर बहुधा टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची गोळी रोज, हाताच्या नखांसाठी ६ आठवडे आणि पायाच्या नखांसाठी १२ आठवडे देतात. त्याआधी रक्त तपासून यकृताची स्थिती पाहतात. इट्राकोनॅझोल हा दुसरा पर्याय आहे, मात्र हृदय कमकुवत असलेल्यांना ते चालत नाही आणि इतर अनेक औषधांशी त्याचे जमत नाही, म्हणून चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते. एक-दोन नखांची केवळ टोके बाधित असतील, तर अमोरोल्फिनसारखे नखावर लावायचे लॅकर पुरू शकते.

सर्वांत अधिक गैरसमज आहे तो बरे होण्याच्या कालावधीबद्दल. पायाचे नख महिन्याला जेमतेम एक ते दीड मिलिमीटर वाढते. त्यामुळे गोळ्या संपल्या तरी जुने, विद्रूप नख पुढे सरकत राहते आणि अंगठ्याला पूर्ण नवे नख यायला १२ ते १८ महिने लागतात. आईच्या नखाच्या मुळाशी निरोगी गुलाबी पट्टी दिसली, तीच तिसरा महिना सरत असताना. औषध लागू पडले नाही असे समजून मध्येच गोळ्या सोडणारे अनेक जण माझ्या पाहण्यात आहेत.

हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असली, तर जाड नख शेजारच्या त्वचेत रुतून झालेली जखम कळतच नाही आणि तिच्यातून जिवाणूंचा संसर्ग पाय सुजेपर्यंत वाढू शकतो. म्हणून आरोग्य विभागाला माझी कळकळीची विनंती आहे की, प्राथमिक आरोग्य केंद्रांत मधुमेहींची साखर तपासताना त्यांच्या चपला काढायला लावून पाय, बोटांच्या बेचक्या आणि नखेही दर वेळी पाहिली जावीत, आणि नखाच्या भुग्याची तपासणी किमान तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध व्हावी.

आपली नम्र,
एक वाचक, कुडाळ