‘आवश्यक’ काय, हे ठरवायचे कोणी?

महोदय,

रविवार पुरवणीत चर्चच्या लॅटिन बोधवाक्यांवर आलेला लेख आवडीने वाचला. मराठी वृत्तपत्रात या विषयाला एवढी जागा मिळते हेच नवल. मात्र लेखाचा सगळा डोलारा ज्या वचनावर उभा आहे, ते ‘इन नेचेसारीस उनितास, इन दुबीस लिबेर्तास, इन ओम्निबुस कारितास’ (आवश्यक बाबींत एकी, शंकेच्या बाबींत मोकळीक, सगळ्यांत प्रेम) लेखात सेंट ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडिताच्या नावावर दिले आहे, पण ते त्याचे नाही. त्याच्या ग्रंथांत ते कुठेही सापडत नाही. पोप तेविसावे जॉन यांनी 1959 च्या परिपत्रकात ते घेतले, तेव्हा त्यांनीही ते कोणा एकाच्या नावावर घातले नव्हते. पेटर मायडरलिन या जर्मन ल्यूथरपंथीयाने 1620 च्या दशकात ते वापरल्यामुळे बराच काळ श्रेय त्याच्याकडे जात होते. पण त्याआधी, 1617 साली लंडनमध्ये छापलेल्या एका लॅटिन ग्रंथात हे वचन जवळजवळ याच शब्दांत आहे, आणि तो ग्रंथ लिहिणारा माणूस लेखात यायलाच हवा होता.

त्याचे नाव मार्कांतोनियो दे दोमिनिस. आज क्रोएशियात असलेल्या स्प्लितचा हा आर्चबिशप. आधी जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाकडे गणित शिकवायचा. इंद्रधनुष्यावरच्या त्याच्या विवेचनाचा न्यूटननेही नाव घेऊन उल्लेख केला आहे. रोमशी बिनसल्यावर 1616 मध्ये तो इंग्लंडला निघून गेला. राजा पहिला जेम्स याने त्याला आश्रय दिला आणि पुढे विंडसरच्या चर्चचा डीन (प्रमुख धर्माधिकारी) केले. तिथे बसून त्याने पोपच्या सत्तेवर जी झोड उठवली, तिच्यातलेच हे वाक्य! रोमच्या सिंहासनाची घाण साफ झाली, तर आपण सगळे आवश्यक तेवढ्यात एकी राखू, बाकीच्यात मोकळीक देऊ, असे त्याचे म्हणणे होते. आज दिलजमाईसाठी जिकडेतिकडे सांगितले जाणारे वचन जन्मले ते असे भांडणात.

माणूस काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. लंडनच्या रंगभूमीवर 1624 साली ‘लठ्ठ बिशप’ म्हणून त्याची खिल्ली उडवली गेली, ती काही उगाच नव्हे. पण त्याआधीच, 1622 मध्ये, आपली मते मागे घेऊन तो रोमला परतला होता. त्याला सांभाळून घेणारा पोप वारला, नवा आला, आणि इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याला सान्त’आंजेलोच्या किल्ल्यात डांबले. सप्टेंबर 1624 मध्ये तो तिथेच मेला. खटला तरीही थांबला नाही. डिसेंबरात निकाल लागून तो पाखंडी ठरला आणि त्याचे प्रेत त्याच्या पुस्तकांसह कांपो दे फियोरी या चौकात जाळण्यात आले. याच चौकात 1600 साली जोर्दानो ब्रूनोला जिवंत जाळले होते.

लेखकाने ‘लिबेर्तास’वर छान लिहिले आहे, पण माझ्या मते या वचनातली मेख पहिल्या पदात आहे. आवश्यक काय, याची यादी ज्याच्या हाती, मोकळीक किती द्यायची तेही त्याच्याच हाती. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरचेच घ्या. ख्रिस्ती माणूस कोणाचाही अंकित नाही, असे 1520 साली त्याने लिहिले. पाचच वर्षांत जर्मनीतल्या मेमिंगेनच्या शेतकऱ्यांनी विचारले, की ख्रिस्ताने आपले रक्त सांडून आम्हालाही सोडवले आहे, मग आम्ही जमीनदारांचे बांधील कसे? त्यावर, तुम्ही आत्म्याचे स्वातंत्र्य देहाला लावता, असे त्याने त्यांना सुनावले. बंड पेटल्यावर तर त्यांना कापून काढा, असे सरदारांना सांगायलाही तो कचरला नाही. लेखात 1520 आहे, 1525 नाही.

आणि ज्यांचा उल्लेख मराठी लेखात पहिल्यांदा यायला हवा होता, त्या पंडिता रमाबाई तर त्यात नाहीतच. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजच्या मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. (याच मठाच्या सिस्टर पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये होत्या. तिथल्या चहावरून 1890 साली टिळक-रानडे ग्रामण्यात, म्हणजे जातिबहिष्काराच्या वादात, सापडले, ते आपल्याला पाठ असते.) बाप्तिस्म्यानंतर बाई आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, तो सगळा ‘आवश्यक काय’ याच वादाचा आहे. ख्रिस्त मान्य, बायबल मान्य. पण त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांत चर्च ज्या शब्दांत सांगते त्या शब्दांत बाईंना पटेना. भारतातल्या पुरोहितांचे जोखड महत्प्रयासाने झुगारले, आता तसलेच दुसरे मानेवर घेणार नाही, पाद्री-बिशपांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायला मी बांधलेली नाही, असे त्यांनी 1885 मध्ये कळवले. गुलामगिरीच्या जोखडात पुन्हा अडकू नका, हे सेंट पॉलने गलतीकरांना लिहिलेले वाक्य त्यांना ठाऊक नसेल असे कोण म्हणेल? सिस्टरना मात्र त्यात गर्व दिसला.

त्याच पत्रांत लॅटिनचाही वाद आहे. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरायची होती. भारतातल्या भगिनींच्या क्रुसावर संस्कृत का नको, असे बाईंनी विचारले. ब्राह्मण संस्कृतला देववाणी मानतात तसे तुम्ही लॅटिनला मानता की काय, हेही विचारले. आणि आपला संस्कृतचा आग्रह तिच्या पावित्र्यासाठी नव्हे, ती आपल्या देशाची सुंदर, जुनी भाषा म्हणून आहे, हे बजावले. पंचविशी नुकती ओलांडलेली, परक्या देशात दुसऱ्यांच्या आधाराने राहणारी, पदरी लहान मुलगी असलेली ही विधवा! सिस्टर जेराल्डीन यांचेही श्रेय मान्य केले पाहिजे: स्वतःला न पटलेली ही पत्रेही त्यांनी जपून, संकलित करून ठेवली. त्यामुळेच ती 1977 साली आपल्या राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळातर्फे छापली जाऊ शकली.

पत्रे इंग्रजीत आहेत. लेखमालेचा पुढचा भाग येणारच असेल, तर त्यांतली क्रुसावरच्या अक्षरांची आणि 1885 ची पत्रे मराठीत करून पुरवणीत द्यावीत आणि ऑगस्टीनबद्दलची दुरुस्तीही सोबत छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त इतिहास शिक्षक, पुणे